पांढरी रेघ

लिक्सेलेत उणे सव्वीस. गॅरेजात एकच हीटर,
त्याचंही तोंड आमच्याकडे नाही, इंजिनाकडे.
टोर्ग्नीची सत्त्याऐंशी सालची व्होल्वो:
मागच्या सीटवर मेलेल्या कुत्र्याचे केस अजून तसेच,
पुढे नारळाएवढा टर्बो.
कारखान्यातून निघाली तेव्हा एकशे पंधरा घोडे होते,
आता सहाशे चाळीस.
घोडे वाढवायला काय लागतं!
तबेल्याची कडी कोण बघतं?

पहिल्या वर्षी क्लच घसरला.
भारी क्लच घातला, तर तिसऱ्या गिअरचे दात गेले,
तेलात चमचाभर चांदी.
गिअरबॉक्स बदलला, मग प्रॉपेलर शाफ्ट सुटला.
त्याच्याखाली पोलादी कडं होतं
म्हणून माझा भाऊ आज समोर बसून कॉफी पितोय.
एक घट्ट करा, भार पुढच्याकडे जातो,
पंगतीत वाढपी सरकावा तसा,
एकही पान न चुकवता.

आई गेली त्या मार्चमध्ये टोर्ग्नी रडला नाही.
शवपेटी, पाद्री, बँक, बर्फात खणलेला खड्डा,
सगळं त्यानं उभ्यानं निभावलं.
मे महिन्यात मी दुकानात
दुधाच्या कपाटासमोर थांबले
आणि मला हलताच येईना.

मी सॉ मिलच्या वर्कशॉपात लेथ चालवते.
त्याचा मागचा ॲक्सल मीच केला होता.
ऑगस्टमध्ये जुन्या धावपट्टीवर
हिरवा दिवा लागला, गाडी हातभर उचलली,
आणि बंदुकीसारखा एक आवाज.
मग नुसतं इंजिन ओरडत राहिलं,
चाकं जागच्या जागी.

तुटलेलं पोलाद वाचता येतं.
कडेला नखाएवढी गुळगुळीत जागा,
तिथून शिंपल्यासारख्या रेघा आत आत गेलेल्या,
आणि उरलेलं एका झटक्यात, खडीसाखरेसारखं.
नखाच्या टोकाशी एक ओरखडा होता.
माझ्या हत्याराचा.
त्या शुक्रवारी मला घरी जायची घाई होती.
मी काही बोलले नाही.
त्यानं तो तुकडा पुसून शेल्फवर ठेवला.

नवा ॲक्सल मी बारीक केला.
"बारीक?" टोर्ग्नी म्हणाला, "अगं, मजबूत करायचाय ना?"
त्याला सांगितलं: जाड दांडा वाकत नाही, वळत नाही,
सगळा पीळ दात्यांच्या मुळाशी ढकलतो.
मधला भाग कमी केला, तर तोही थोडा सोसतो.
कोपरे गोल केले. तीन संध्याकाळी पॉलिश,
नखाला काही अडेनासं होईपर्यंत.
शेवटी त्याच्या लांबीवर
एक सरळ पांढरी रेघ ओढली, रंगाची.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
पोलाद त्याहून समजूतदार: पिळलं, सोडलं, की परत येतं.
पण एका हद्दीपर्यंतच.
त्यापुढचं सगळं ते लक्षात ठेवतं.

अख्खा उन्हाळा गेला. अकरा वेळा धावली,
अकराही वेळा परत आली, आपल्या पायांनी.
सप्टेंबरात ॲक्सल बाहेर ओढला,
तेल पुसलं, बॅटरी धरली.
रेघ सरळ नव्हती.
एका टोकाला निघून दुसऱ्या टोकाला पोचेतो
दीड बोट बाजूला सरकली होती,
वेलीसारखी, कुणाला न विचारता.

"अजून एक मोसम?" त्यानं विचारलं.
"नाही," मी म्हणाले. आणि मग:
"मागचा तुटला तो माझ्या ओरखड्यावरून."
"माहीत आहे."
त्यानं नट एकेक करून डबीत टाकले.
तेव्हा माझ्या ध्यानात आलं,
शेल्फवरचा तो तुकडा
वर्षभर भिंतीकडे तोंड करून का होता.

"हीटर थोडा इकडे फिरव," तो म्हणाला.
मी फिरवला.