हयातीचा दाखला

बिटको चौकातून सिटीलिंक सुटते सात चाळीसला.
द्वारकेला अडकते, तेव्हा मी मांडीवरच्या वहीत
बेलमनचं समीकरण तिसऱ्यांदा उतरवून काढते:
आजचं मूल्य म्हणजे आजचं सुख,
अधिक बीटाने गुणलेलं उद्याचं मूल्य.
शेजारची बाई कोथिंबिरीची जुडी सावरत डोकावते.
"संस्कृत का गं?"
मी हो म्हणते. फारसं खोटं नाही ते.

कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
बिडवई मॅडम फळ्यावर एक कुटुंब काढतात.
काढतात म्हणजे एक अक्षर.
त्याला आडनाव नाही, गॅसचा नंबर लावायचा नाही,
ते प्रातिनिधिक आहे, आपण सगळे त्यात आलो,
आणि ते अनंत काळ जगतं.
मागच्या बाकावरून निफाडचा तुकाराम गवांदे विचारतो,
"मॅडम, मरत कसं नाही?"
"मेलं तर गणित सुटत नाही."
कुणी हसलं नाही. सगळ्यांनी लिहून घेतलं.

पैसा येतो सातव्या प्रकरणात.
एम. बाहेरून दिलेला.

बाहेरून.
माझे नाना एकतीस वर्षं त्या बाहेरात कामाला होते,
जेल रोडला, उंच भिंतीच्या आत, नोट प्रेसमध्ये.
न कापलेल्या शीटा डोळ्यांखालून घालायच्या,
केसभर शाई सरकली की शीट बाजूला.
सुटताना रोज झडती: खिसे, चपला, जेवणाचा डबा.
उघडून दाखवायचाच आहे तर चांगला दिसावा
म्हणून तिथल्या नळावर घासूनच आणायचे.
शेवटाला हाती काही उरता कामा नये,
ही ट्रान्सव्हर्सॅलिटीची अट मॅडमनी दोन तास शिकवली.
मला डब्याचं झाकण आठवत होतं.

मी सहावीत होते त्या नोव्हेंबरात
नाना तिसऱ्या दिवशी घरी आले
आणि बूट न काढताच झोपले.
आमच्या मॉडेलमध्ये त्याला एप्सिलॉन म्हणतात.
एका तिमाहीचा धक्का.
संगणकाला तो दिला की रेघ खाली जाते,
मग दमादमानं शून्याकडे चढते.
एका रात्री नानांना दाखवली.
"परत येते म्हणजे? येतेच?"
"येतेच. तसं गृहीत धरलंय."
चष्मा कपाळावर ढकलून ते स्क्रीनशी वाकले,
शीट बघावी तसे, डावीकडून उजवीकडे, मग उलटे.
"इथं बसत नाहीये. केसभर वर राहिलीय."
मी म्हटलं, नाना, तुम्हाला यातलं काय कळतंय.
पहाटे तीनला सापडलं:
एकशेबाराव्या ओळीत बीटाच्या जागी डेल्टा.

आज सकाळी वर्ग बुडवून त्यांना बँकेत नेलं.
काचेच्या चौकोनावर नानांचा अंगठा.
जुळत नाही.
"पुसून ठेवा, काका." जुळत नाही.
"जरा ओला करा." जुळत नाही.
रेषा कागदानं कधीच नेल्या होत्या.
मागच्या रांगेतले दोघं प्रेसमधलेच, आपापला अंगठा चोळत होते.
"झडतीत सापडलं नाही बघा," नाना म्हणाले,
"रोज एवढं एवढं आतच ठेवून येत होतो."
कारकून मुलगी हसली नाही, तिला समजलं नसावं.
"डोळ्यावर घेऊ या. इकडे बघा. पापणी हलवू नका."

नाना बघत राहिले.
यंत्राला पहिल्याच खेपेला पटलं.
कागद आला: हयात. मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.
त्यांनी कागद उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी तपासला,
मग घडी केली.

परतीला उपनगरच्या सिग्नलला वही उघडली.
बेरजेच्या चिन्हावर निजलेला आडवा आठ
पेन्सिलीनं खोडला आणि तिथे एक लिहिला.
मग पुढची पायरी करून बघितली.
सुटत नाही.
तसंच ठेवलं.