कचऱ्याचा वार

डंडीत, लॉ टेकडीच्या उतारावर, माझ्या खालच्या मजल्यावर
इशबेल गीकी राहते. वय एक्याऐंशी.
तिला एवढंच हवं होतं :
निळा डबा मंगळवारी की गुरुवारी.

फोन तिनं खिडकीच्या काचेला टेकवला.
बाहेर टे नदीवरून धुकं चढत होतं,
पडद्यावर चक्र फिरत होतं.
धुकं आधी पोचलं.

"काय भरलंय रे यात एवढं?"
आणि मी, ज्यानं हे पान रचलं
(तिला ते माहीत नाही),
कप उगाच बशीत नीट ठेवला.

एका वाराच्या नावासाठी अकरा एमबी.
तारखा मोजायला एक पेटारा,
पेटाऱ्याचं कुलूप सांभाळायला दुसरा,
दुसऱ्याच्या पोटात चाळीस, ज्यांची नावंही मी वाचलेली नाहीत.
तिचा अंगठा कुठं थबकतो ते टिपणारे सहाजण.
शिवाय एक अक्षरवळण, चार जाडींत,
कारण आमच्या रॉरीला मथळा सडपातळ हवा होता.
नाकापेक्षा मोती जड, आई म्हणायची.
इथं मोत्यामागून सोनाराचं दुकानही येतं.

काढून टाकलं होतं एकदा, शुक्रवारी.
कुठल्याशा जुन्या टॅबलेटवर बटण नाहीसं झालं.
सोमवारी सगळं परत आत,
वर माझीच टीप : हात लावू नये.

इशबेल वीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात होती,
पुढं तिथंच छोटे काळे संगणक जुळवले जात.
"अठ्ठेचाळीस के," ती म्हणते,
जशी एखादी बाई पगार सांगते, ज्यात तिनं घर चालवलं.
"अख्खी लढाई मावायची त्यात. राक्षसासकट."

आणि आत्ता तिच्या कानात मुगाएवढं यंत्र आहे.
त्यातही प्रोग्रॅमच. केटलीची शिट्टी बाजूला सारतो,
माझा आवाज पुढं आणतो,
हरभऱ्याच्या डाळीएवढ्या बॅटरीवर आठवडा काढतो.
तो लिहिणाऱ्याला बॅटरी संपताना दिसत असणार.
मला इशबेलची दिसत नाही.
माझं मशीन नवं, माझी लाइन वेगवान,
आणि दुसऱ्याच्या घरात सामान ठेवायला
भाडं पडत नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि खिडकीतून वाकून पाहिलं.
समोरच्या फुटपाथवर तीन डबे. तिन्ही निळे.
"उद्याच."

मी तिचा डबा ओढत रस्त्यावर आणला.
हलका होता. एक वर्तमानपत्र, अंड्यांचं खोकं.
वरून तिची हाक आली, धुक्यातून :
"उघडलं रे! विचारतंय,
अनुभव कसा वाटला.
काय लिहू?"