मागची बाजू

चिठ्ठीला दोन बाजू असतात
हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.

पुढच्या बाजूवर मी लिहायची:
आनुबाई खोत, वय बावन्न,
डाव्या गालात आतून पांढरा चट्टा, बोटाच्या पेराएवढा,
मशेरी पंचवीस वर्षं.
पुढील तपासणीसाठी थोरला दवाखाना, कोल्हापूर.
खाली सही, शिक्का. आमच्या उपकेंद्राच्या शिक्क्याला
शाई कधीच पुरत नाही.
रजिस्टरात लिहायची: पाठवली.
गुळगुळीत शब्द. त्याच्यावरून
माणूस कुठंही घसरून जातो.

आनुबाई गेली होती. खरंच गेली होती.
धामणी खोऱ्यातून पहाटेची एसटी, रंकाळा स्टँड,
खिडकीवर नंबर, नंबरावरून खोली,
खोलीला कुलूप.
शिपाई म्हणाला, बुधवारी या.
बुधवारी म्हैस व्याली.
चिठ्ठी तिनं जोतिबाच्या तसबिरीमागं खोचली,
तिथं ती गुलालानं हळूहळू गुलाबी झाली.

मला वाटायचं, तिकडं बघतायत.
तिकडं कुणाला ठाऊकच नव्हतं
की कुणी यायचं होतं.

सात महिन्यांनी आमटीत कुस्करलेली भाकरीही
गिळवेना, तेव्हा माझ्या दारात
ती नाही, तिची सून आली.
हातात ती गुलाबी चिठ्ठी.
"बाई, ही अजून चालंल का?"

मग कळ्याच्या शिबिरात डॉक्टर नेजदार भेटल्या,
थोरल्या दवाखान्यातल्या, तोंडाच्या.
मी भांडायच्या तयारीनं गेले होते.
त्यांनी माझीच एक चिठ्ठी उलटी करून
टेबलावर ठेवली.
"एवढी जागा रिकामी आहे की, सिस्टर."
आणि तिथं आपला नंबर लिहिला.

आता दर शनिवारी चारला आमचा फोन.
रोगाचं बोलणं थोडंच.
गाडी किती वाजता पोचते,
तुकडा सोमवारी काढला तर रिपोर्ट कधी,
खोली बदललीय, शिपायाला सांगून ठेवते,
ती घाबरट आहे, नणंदेला बरोबर घेऊ द्या.

चिठ्ठ्या परत येतात.
पिशवीत चुरगळलेल्या, भज्यांचं तेल लागलेल्या,
आणि मागच्या बाजूला निळ्या शाईत:
तुकडा घेतला. कॅन्सर नाही. मशेरी बंद.
तीन महिन्यांनी तुम्हीच बघा.

तुम्हीच.
त्या दिवशी मी बॅटरीचे सेल बदलले.

रजिस्टरात पट्टी वाकडी धरून
मी एक जादा रकाना आखलाय: आली का?
आनुबाईच्या ओळीत तो कोराच आहे.
साहेब तपासणीला आले, म्हणाले, हे भरून टाका.
म्हटलं, हो.
भरला नाही.

आज शनिवार. चाराला पाच कमी.
दोघींची चिठ्ठी अजून परत नाही.
शालन कुंभाराच्या घरी रेंज नसते,
फोन नुसता वाजल्यासारखा करतो.
स्कूटीत पेट्रोल आहे.
डॉक्टरांशी बोलून घेते,
मग निघते.