खिडक्या मोजून

रोमेल तळघरात फरशीवर आडवा झाला,
भट्टीच्या पोटात आरसा घातला, टॉर्च घातला,
आणि म्हणाला, मिसेस हावरिलुक, वाकता येईल का तुम्हाला?
वाकले.
पत्र्याला भेग. केसाएवढी.
थंडीत ओठाला पडते तशी.

एवढीच? मी म्हटलं.
एवढी पुरते, तो म्हणाला. हिच्यातून जे बाहेर येतं
त्याला वास नसतो.

गेल्या वर्षी पंख्याची मोटर, त्याआधी ठिणगीचा तुकडा,
दर वेळी मी म्हटलं, एवढा हिवाळा निघू दे,
एप्रिलमध्ये बघू, एप्रिलमध्ये स्वस्त पडतं.
एप्रिल आला की खिडक्या उघडायच्या,
भट्टी कोणाला आठवते?
शेजारचा वॉल्टर म्हणायचा, चालतेय तोवर चालव.
लारिसा कॅलगरीहून म्हणायची, आई, काढून टाक.
दोघांनाही माझ्या तळघराचा जिना उतरायचा नव्हता.

रोमेलकडे एक हिशेब आहे:
भट्टीचं वय गुणिले दुरुस्तीचा खर्च,
उत्तर पाच हजारांच्या वर गेलं तर नवी घ्यायची.
एकतीस गुणिले नऊशे.
मी कागदावर मांडला, आणि कागद उलटा ठेवला.
असले गुणाकार मला आवडत नाहीत.
ओरेस्ट ब्याऐंशी वर्षांचा आहे.

भट्टीच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याचं पेन्सिलीतलं अक्षर.
१८ सप्टेंबर १९९३. बसवली.
मग फिल्टर, फिल्टर, तेलपाणी, फिल्टर.
फेब्रुवारी ९६. उणे एक्केचाळीस. रात्रभर थांबली नाही. शाबास.
शाबास!
पन्नास वर्षांच्या संसारात मला
हा शब्द कधी मिळाल्याचं आठवत नाही.
खाली, अगदी तळाशी:
७ मार्च २०२१. फिल्टर बदलला.
त्याच्याखाली, ७ मार्च. फिल्टर बदलला.
त्याच्याखाली पुन्हा.
डॉक्टरांनी सांगायच्या कितीतरी आधी
हे दार मला सांगत होतं,
मी उघडलं नव्हतं.

रोमेलनं गॅस बंद केला, लाल चिठ्ठी बांधली.
म्हणजे कधी बदलायची, हा प्रश्न सुटला,
तीस वर्षं अडलेला प्रश्न दोन मिनिटांत.
बाहेर उणे एकोणीस. वॉल्टरनं दोन हीटर आणून दिले,
"चालव" म्हणाल्याची आठवण मी त्याला करून दिली नाही.
रात्रभर नळ बारीक सोडून ठेवले,
कोट घालून झोपले, आणि मांजर कोटात.

कोणती घ्यायची, तर तीन माणसं आली, तीन कागद.
एकानं न बघताच सांगितलं, जुनी होती तेवढीच बसवू.
दुसऱ्यानं पुस्तिका दिली, तीत एक कुटुंब हसत होतं.
रोमेल मात्र फूटपट्टी घेऊन घरभर फिरला.
मी म्हटलं, लहान दे बाबा,
आता घरात एकच माणूस.
तो खिडक्या मोजत होता. मान वर न करता म्हणाला,
ऊब माणसांवर ठरत नाही.
काच किती, भिंत किती, दाराखालून वारा किती,
त्यावर ठरते.
जुनी पहिल्या दिवसापासून मोठीच होती,
म्हणून सारखी पेटायची, विझायची, पेटायची.
मला वाटायचं, भट्ट्यांचा स्वभावच तसा.

शुक्रवारी नवी बसली. पांढरी, गुळगुळीत,
पेन्सिल तिच्यावर घसरते.
चिमणी आता कशाचीच नाही,
भिंतीतून एक प्लास्टिकची नळी वाफ सोडते.
जुनी तुकड्यातुकड्यांनी जिना चढली.
दार मी मागून घेतलं. रोमेलनं का विचारलं नाही,
स्क्रू काढून भिंतीला टेकवून ठेवलं.

पहिल्या रात्री आवाजच येईना, म्हणून दोनदा उठले,
झरोक्यावर हात धरला.
मांजर आधीच तिथे होती.

रविवारी ओरेस्टकडे गेले. माझं नाव त्यानं घेतलं नाही.
भट्टी चालतेय?
चालतेय.
फिल्टर?
बदलला.
त्यानं बराच वेळ माझ्या हाताकडे बघितलं.
परत बदल, म्हणाला.