टोपली

कोलारेशला वेली उभ्या राहत नाहीत.
समुद्र राहू देत नाही.
दुपारी सावलीत कुत्री पडावीत
तशा वाळूवर आडव्या पडून असतात,
आणि ऑगस्टात घड भरायला लागले
की फिर्मीनू गुडघ्यांवर सरपटत
एकेका काडीला वीतभर बोरूचा टेकू देतो,
वाळूच्या तव्यावर मणी भाजू नयेत म्हणून.

मी आले होते पानं मोजायला.
पिशवीत भिंग, कोनमापक, जुन्या चित्रांची वही,
आणि कचेरीचा फॉर्म.
रकाना एक: जातीचं नाव.
रकाना दोन: स्थानिक नावं.
रकाना तीन: मूळ.

"ही रामिश्कू. ही पण. ती पण.
ही मालवाझिया, बायकोला पांढरी आवडायची."
रामिश्कूचा मणी लहान, साल जाड.
तिची वाइन पहिली दहा वर्षं
कच्च्या सुपारीसारखी तोंड धरते,
मग एके दिवशी सोडते.
फिर्मीनूही त्याच जातीचा.
मला मात्र तीनच दिवस लागले.

चौथ्या दिवशी त्याने ती दाखवली,
बोरूच्या कुंपणाशी, ओळ संपते तिथे.
पानाला पाच बोटं, करंगळी आखडलेली.
देठाशी लाली. पाठीवर लव,
वासराच्या कानामागे असते तेवढीच.
भिंग लावलं. वही उलटीसुलटी चाळली.
कुणाशीच चेहरा जुळेना.
"हिचं नाव?"
"हाक मारायची वेळच आली नाही कधी."

मुळं खाणारा किडा आला तेव्हा
साऱ्या मुलखातल्या वेली उभ्या वाळल्या.
लोकांनी परके खुंट आणले, कलमं बांधली.
इथल्या वाळूत किड्याला चालता येईना,
म्हणून इथली वेल अजून आपल्याच पायांवर.
पण ते पाय वाळूच्या खाली, चिकणमातीत.
लावायची तर तिथवर खणत जायचं,
डोक्यावर टोपली पालथी घालून.
कड ढासळली
तर टोपलीत मावेल तेवढा श्वास,
आणि वरून धावत येणारी माणसं.

"आदेलीनूला टोपलीत उकडायचं,"
फिर्मीनू म्हणाला.
धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा.
मग बराच वेळ तो टेकू सरळ करत राहिला
जे सरळच होते.

खड्डा तर खणून झालाच होता.
बापाने चार दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही.
पाचव्या दिवशी हाताला लागली ती काडी रोवली.
कुणाच्या गाढवावरच्या मोळीतली,
डोंगरापलीकडची की बोटीतून आलेली,
कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत
त्या घरात कुणी काहीच विचारत नव्हतं.
तिचे घड रामिश्कूतच पडतात.
"वेगळे काढून काय करू?
चव कळली असती मग."

त्याच्या स्वयंपाकघरात एक टोपली आहे, कांद्यांची.
रिकामी असली तरी
तो ती पालथी ठेवत नाही.

नोव्हेंबरात प्रयोगशाळेचं पत्र आलं:
जुळणी नाही. आईबाप अज्ञात.
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात;
माझी तर नोकरीच विचारण्याची.
मी पत्र वाचून दाखवलं.
तो ऐकत होता, एक मणी चघळत,
बिया तळहातावर काढून मोजल्यासारखं करत.
मग म्हणाला, "दोन आहेत,"
आणि बिया माझ्या भिंगावर ठेवल्या.

पहिले दोन रकाने मी कोरे ठेवले.
तिसऱ्यात लिहिलं:
मूळ – दोन पुरुष खोल, चिकणमातीत.
जरा थांबून, पेन्सिलीने:
त्यातला एक, एकोणीस वर्षांचा.

फॉर्म परत आलाय.
माहिती अपुरी, असा शिक्का.
फिर्मीनू म्हणतो, छाटणीला ये,
ओल्या कागदात काडी बांधून देतो.
तुझ्या तिकडे लाव.
खड्डा फार खोल नको.