आला

उंड्रीतल्या आमच्या सोसायटीची खजिनदार मी,
कारण मागच्या सभेला उशिरा पोचले.
महापालिकेची लाइन अजून नकाशातच आहे.

एप्रिलचं बिल समोर. घुले टँकरवाले म्हणतात सत्तेचाळीस.
माझं सूत्र म्हणतं सेहेचाळीस:
काउंटइफ, डी स्तंभ, "आला".
बाकीच्या शब्दांची ते दखलच घेत नाही –
"येतो म्हणाला", "फोन लागत नाही",
"परत गेला, गेटसमोर कार".

एका टँकरचे साडेतेराशे. हिशोब म्हणजे हिशोब,
असं पुटपुटत ओळी उतरत गेले.

ओळ एकेचाळीस. सोळा तारीख, रात्री दोन चाळीस.
"आला". स्वच्छ लिहिलंय.
मग मोजलं का नाही?
कर्सर शब्दाच्या शेवटी नेला, तर तो शेवट नव्हता.
पुढे एक कोरी जागा होती,
मला न दिसणारी, त्याला खुपणारी.

भागुजी वॉचमनची नोंद.
एका हातात ओला पाइप,
दुसऱ्या हातात सोसायटीचा मोबाइल.
शब्द लिहून झाल्यावर
अंगठा जरा टेकला असेल.

त्या रात्री टाकी भरल्याचा आवाज
कुणीच ऐकला नाही.
सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या.

जागा खोडली. सत्तेचाळीस.
घुल्यांचा चेक लिहिला.

मग लॅपटॉप मिटण्याआधी, उगाच,
अवतरणचिन्हांत "भागुजी" घालून पाहिलं.
शून्य.
कोण जागं होतं, हा स्तंभ
आम्ही केलाच नव्हता.