चाई

पहिलं वर्तुळ पाच रुपयाच्या नाण्याएवढं होतं.
आता चैताली गिरपला नाणी मोजून भागत नाही.
आईने कांदा चोळला, गुंज उगाळली,
कुणी सांगितलं म्हणून माशाचं तेलही.
हे शेवटचं शाळेत लपलं नाही.

मी पुण्याहून आलो, बर्फाचा डबा घेऊन.
आईने सही केली; कागदाला
सुक्या बांगड्याचा वास लागला, तो अजून फाइलीत आहे.
"दुखात?"
"आत्ता नाही. नंतर थोडं."
"नंतरचा मी बगतंय."

माझे वडील इथेच, वेंगुर्ल्यात, बंदर रस्त्यावर केस कापायचे.
रात्री दुकान झाडलं की पोतं भरायचं.
एक काजूवाला ते न्यायचा, कुंपणाला बांधायला:
माणसाच्या वासाने डुक्कर आत येत नाही.
त्यांचा धंदा कातडीच्या वर, माझा खाली.
मध्ये दीड मिलिमीटर
आणि बावीस वर्षांची फी.

भिंगाखाली तिचं कातडं जांभळं दिसतं.
केसाच्या कंदाभोवती पांढऱ्या पेशींचा घोळका,
मधमाश्यांसारखा (उपमा पुस्तकातली, माझी नाही),
घरचेच राखणदार, घरालाच चोर समजलेले.
पण जरा वर, फुगवट्यापाशी,
मूलपेशी जशाच्या तशा.
कुणी हात लावलेला नाही.
फक्त खालून हाक येत नाही.

हे चौदा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?
खिडकीबाहेर बंदीच्या होड्या
वाळूवर ओढलेल्या, झाप घातलेल्या.
"बाबा वायरलेसवर बोलतात ना..."
"चॅनल सोळा," ती म्हणाली.
"तसंच. खालचा हाक मारतो, वरचा ऐकतो, मग केस निघतो.
सध्या मध्ये इतका गोंगाट आहे
की कुणाचं कुणाला कळत नाही."
ती बाहेर बघत राहिली.
"म्हणजे होडी फुटूक नाय मां?"
"नाही."
"मगे तसा सांगा. मूलपेशी काय नि मूलपेशी काय."

मी हेही सांगायला हवं होतं,
की आमच्याकडे उंदरांना केस आलेत, दाट, चकचकीत;
की माणसांना कधी येतात
आणि गोळी थांबली की कधी जातात;
की होडी शाबूत असणं आणि होडी पाण्यात असणं
यांच्यामधल्या वाळूवर
माझी सगळी नोकरी आहे.
सांगितलं. अर्धं.

नारळी पौर्णिमेनंतर आईचा फोटो आला:
अर्धा अंगठा, अर्धं डोकं,
कानामागे कापसासारखं काहीतरी.
खाली लिहिलेलं, "पांढरे कित्याक? म्हातारी झाली काय?"
पहिले पांढरेच येतात, मी लिहिलं. रंग मागाहून येतो.
मग 'बहुतेक' घातलं.
मग पुसलं.
मग परत घातलं.

इथे फ्रीझरमध्ये, उणे ऐंशीला,
सदतीस नंबरच्या नळीत
तिचं चार मिलिमीटर
अजून जूनमध्येच आहे.